करुणेचा पूर आणि मोजलेले पाणी

२०१८ च्या एप्रिलपासून आमच्या घरचा आठवडा मंगळवारी पहाटे साडेपाचला सुरू होतो. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार या तीन दिवशी माझ्या पत्नीला डायलिसिसला न्यावे लागते. आधी वजन आणि रक्तदाब, मग चार तास यंत्रावर, त्यानंतर सुया काढून ती जागा दाबून धरण्याची पंधरा-वीस मिनिटे, आणि घरी आल्यावर उरलेला दिवस नुसती झोप. मी साताऱ्यात एका पतसंस्थेत लेखापाल होतो. हातात वही असल्याशिवाय मला चैन पडत नाही, त्यामुळे पहिल्या दिवसापासूनची वजने, दाब, प्यायलेले पाणी आणि झालेली लघवी यांच्या नोंदींच्या सात वह्या आज कपाटात आहेत. इथे जे लिहितो आहे ते मात्र कोणत्या रकान्यात मांडायचे हे मला तेव्हा कळले नाही, म्हणून ते वहीत यायचे राहिले.

आमच्याकडे दिवेलागणीला करुणाष्टके म्हणण्याची रीत आजोबांपासूनची आहे. सज्जनगड हाकेच्या अंतरावर असल्यामुळे साताऱ्याच्या अनेक घरांत ती तशी असते. निरांजन लावायचे, शुभंकरोती म्हणायची आणि मग ‘अनुदिनि अनुतापें तापलों रामराया’ सुरू करायचे. ते म्हणण्याचे काम आईचे होते. मी लहानपणी तिच्याबरोबर म्हणत असे. पुढे नोकरीत रुळल्यावर त्या वेळेला घरी असलो तरी वर्तमानपत्र चाळत बसून कानावर पडेल तेवढे ऐकत असे. शब्द पाठ होते. पाढे पाठ असतात तसेच.

हिचे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचे काम मंदावले की रक्तात साठणारे द्रव्य, पहिल्यांदा वाढलेले आढळले ते २०१७ च्या दिवाळीनंतर. पायांवर सूज येत होती, ती उभ्याने केलेल्या फराळाच्या कामामुळे असावी असे आम्ही धरून चाललो होतो. बरीच वर्षे रक्तदाब होता आणि गोळ्या अधूनमधून बंद होत्या, हेही खरे आहे. आकडा ५.८ होता. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी पुढे काय वाढून ठेवले आहे ते स्वच्छ शब्दांत सांगितले आणि हाताला फिस्टुला (डायलिसिसच्या सुयांसाठी धमनी आणि शीर यांचा केलेला जोड) करून ठेवण्याचा सल्ला दिला, म्हणजे वेळ आली तर मानेत नळी घालावी लागणार नाही. मला तो सल्ला अशुभ वाटला. त्याच सुमारास कोणीतरी एका काढ्याचे नाव सुचवले आणि मी साडेतीन महिने तो काढा तिला दिला. त्याचबरोबर सज्जनगडावर जाऊन नवस बोललो की आकडा चारच्या खाली आला तर पायथ्यापासून अनवाणी वर येईन आणि शंभर जणांना जेवण घालीन. पुढच्या तपासणीत आकडा ७.९ आला, त्यानंतर ९ च्या वर गेला, आणि एप्रिलमध्ये एका रात्री उलट्या थांबेनात तेव्हा मानेत नळी घालूनच तिचे पहिले डायलिसिस झाले. काढा देणारा मी आणि नवस बोलणाराही मीच होतो. तरी राग मी देवावर काढला. माझ्या हिशेबाने करार मोडला होता.

हे मी आईजवळ बोलून दाखवले तेव्हा ती वाती वळत होती. मान वर न करता ती म्हणाली, “अरे, समर्थांनी अष्टकात कुठं सांगितलंय की तू हे दे, मग मी ते देईन? नुसतं मागितलंय. देण्याघेण्याचं तुझं तूच काढलंस.” मला त्यावर उत्तर सुचले नाही आणि ते बोलणे पटलेही नाही. ऐंशीच्या घरातल्या बाईला रोजच्या रक्ताच्या अहवालांतले काय कळणार, असेच मनात आले.

ज्यांच्या घरी हे नाही त्यांना डायलिसिस म्हणजे सुया आणि यंत्र असे वाटते. खरा त्रास पाण्याचा असतो. मूत्रपिंडे पाणी बाहेर टाकत नाहीत, म्हणून दोन डायलिसिसच्या मधल्या काळात जे प्यावे ते अंगातच साठते. नियम असा की आदल्या दिवशी जेवढी लघवी झाली तेवढे आणि वर पाचशे मिलिलिटर, एवढेच पाणी चोवीस तासांत घ्यायचे. त्यात चहा, आमटी आणि ताक सगळे धरायचे. पहिल्या वर्षाच्या अखेरीस हिची लघवी जवळजवळ थांबली आणि पाचशेच उरले. अर्ध्या लिटरची एक बाटली सकाळी भरून ठेवायची. अर्धा कप चहा घेतला की तेवढे पाणी बाटलीतून काढून टाकायचे. गोळ्या घोटभर पाण्यात गिळायची सवय तिने लावून घेतली. बर्फाचा खडा चघळणे, लिंबाची फोड जिभेला लावणे, चूळ भरून थुंकणे असे उपाय सिस्टरांनी सांगितले होते, ते ती करीत असे. चूळ भरताना तिचा गळा हलतो की नाही इकडे मी चोरून पाहत असे. ही गोष्ट लिहिताना आजही मला लाज वाटते.

भाज्यांचेही तसेच. पोटॅशियम कमी व्हावे म्हणून बटाटा बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतून द्यायचे आणि मग उरलेल्या चोथ्याला फोडणी घालायची. केळे, शहाळे, टोमॅटोचे सार सगळे बंद. ज्या बाईने तीस वर्षे घरातल्या प्रत्येकाच्या आवडीचे केले, तिच्यासाठी मी ताटलीत पांढरीफटक भाजी वाढीत होतो. तिने त्याबद्दल तक्रार केली नाही. फक्त एकदा, वैशाखात, रात्री दीडच्या सुमारास मला जाग आली तेव्हा ती स्वयंपाकघरात माठाला गाल लावून बसलेली दिसली. पाणी प्यायली नव्हती. मला पाहून म्हणाली, “गार लागतंय हो नुसतं.” मी तिच्या शेजारी फरशीवर बसलो. काय बोलावे ते सुचत नव्हते.

ती संध्याकाळी आईच्या अष्टकांना नेमाने बसत असे. एके दिवशी तिने आईला मध्येच थांबवून ‘घडि घडि बिघडे हा निश्चयो अंतरींचा’ ही ओळ पुन्हा म्हणायला लावली आणि म्हणाली, “आई, समर्थांनासुद्धा पाणी कमी प्यायला सांगितलं होतं वाटतं.” दोघी हसल्या. मला तो विनोद पुढे फार दिवसांनी कळला. बाटली पाहून सकाळी केलेला निश्चय दुपारी मोडतो, रात्री पुन्हा करायचा असतो आणि पहाटे तो पुन्हा मोडलेला असतो; ज्याला हे रोज घडते त्याला त्या ओळीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. त्याच श्लोकाची पुढची ओळ ‘म्हणवुनि करुणा हे बोलतो दीनवाचा’ अशी आहे. निश्चय टिकला म्हणून प्रार्थना करतो असे समर्थ म्हणत नाहीत. तो टिकत नाही म्हणूनच तर हे बोलावे लागते आहे.

२०१९ च्या मे महिन्यात जवळच्या नात्यात लग्न होते. शनिवारचे डायलिसिस करून आम्ही रविवारी लग्नाला गेलो आणि सोमवारी परतलो. शनिवार ते मंगळवार हे आठवड्यातले सर्वांत मोठे अंतर असते आणि त्याच अंतरात हे लग्न, ते ऊन, मठ्ठा आणि आग्रह आले. तिने किती घेतले ते तिने सांगितले नाही आणि मी विचारलेही नाही. सोमवारी रात्री बारानंतर तिला आडवे होता येईना. बसून, पुढे वाकून, उशीवर हात टेकून ती श्वास ओढत होती आणि छातीतून बुडबुड्यांसारखा आवाज येत होता. शेजाऱ्यांच्या गाडीतून रुग्णालयात पोचलो. छातीत पाणी भरले होते. ऑक्सिजन लावला, तंत्रज्ञाला घरून बोलावून घेतले आणि दोनच्या सुमारास तिला यंत्रावर घेतले. मला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितले.

त्या बाकावर बसून मला प्रार्थना करायची होती, पण माझ्याजवळ प्रार्थना म्हणावी असे काही शिल्लक नव्हते. नवस एकदा बोलून झाला होता. आता काय द्यायचे बाकी होते? तोंडात आले ते करुणाष्टकच, आणि तेही सुरुवातीपासून नव्हे, मधूनच:

‘जळत हृदय माझें जन्म कोट्यानुकोटी ।
मजवरि करुणेचा राघवा पूर लोटी ॥’

मी ते दोनदा म्हटले आणि तिसऱ्यांदा ‘पूर’ या शब्दापाशी थांबलो. आत माझी बायको पाण्याने गुदमरत होती आणि बाहेर बसून मी पूर मागत होतो. मला हसू आले. रिकाम्या व्हरांड्यात रात्री अडीच वाजता मी एकटा मोठ्याने हसलो आणि त्या हसण्याचे रडणे केव्हा झाले ते कळले नाही. पहिल्या डायलिसिसपासून तेरा महिने झाले होते आणि त्या काळात मी एकदाही रडलो नव्हतो. वह्या लिहीत होतो.

रडून झाल्यावर पुढची ओळ आली: ‘तळमळ निववीं रे राम कारुण्यसिंधू’. तिथे मला थोडे शहाणपण आले असे म्हणता येईल. समर्थ मागतात ते एवढेच, की तळमळ शांत कर. मी गेले दीड वर्ष क्रिएटिनिन मागत होतो, मूत्रपिंड मागत होतो, जुने दिवस मागत होतो. तळमळ निवावी असे मागण्याचे मला सुचलेच नव्हते, कारण तळमळ ही माझ्या लेखी निष्ठेची खूण होती आणि ती निवली तर आपले प्रेम कमी पडले असे होईल, अशी काहीशी समजूत मनात घर करून होती. त्या रात्री मी पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितले. पावणेसहाला तंत्रज्ञ बाहेर येऊन म्हणाला, “तीन लिटर आठशे काढलं काका, आता आडव्या झाल्यात.” ती वाचली ती ऑक्सिजनमुळे आणि झोपेतून उठून आलेल्या त्या मुलामुळे, हे मी कोणालाही सांगतो. तिथे चमत्काराचा दावा करण्याची मला गरज वाटत नाही. मात्र त्या साडेतीन तासांत मी एकटा नव्हतो, हे मी तितक्याच खात्रीने सांगतो. ते सिद्ध करून दाखवा असे कोणी म्हटले तर माझ्याकडे वही नाही.

या सगळ्या काळात लोक समाधानाचे पुष्कळ बोलले. देव परीक्षा पाहतो. भोग भोगूनच संपवावे लागतात. त्याच्या मनात काही चांगलेच असेल. बोलणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, पण ‘भोग’ हा शब्द आजारी माणसाच्या खाटेशी उभे राहून उच्चारू नये असे माझे स्पष्ट मत झाले आहे. हिने मागच्या जन्मी काय केले ते तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा, असे मी एका वडीलधाऱ्या गृहस्थांना म्हणालो आणि ते पुन्हा आले नाहीत. करुणाष्टकांत अशी समजूत कुठेही घातलेली नाही, ही गोष्ट मला हळूहळू महत्त्वाची वाटू लागली. तिथे ‘धांव रे धांव आतां’ अशी सरळ हाक आहे. ‘शिणत शिणत पोटीं पाहिली वाट तूझी’ असे देवाला तोंडावर सांगितलेले आहे. थकलो, वाट पाहिली, तू आला नाहीस. घरच्या माणसाशीच असे बोलता येते.

आई २०१९ च्या डिसेंबरात गेली. दोन दिवसांचा ताप आला, बाकी काही नाही. तेरा दिवस घरात माणसे होती, त्यामुळे संध्याकाळचे कोणाच्या लक्षात आले नाही. चौदाव्या दिवशी दिवेलागणीला हिने निरांजन लावले आणि माझ्याकडे पाहिले. मी म्हणू लागलो. दुसऱ्या श्लोकात अडखळलो, चौथ्यात पार विसरलो आणि शेवटी आईची जुनी, हळदीच्या बोटांचे डाग पडलेली पोथी काढून चष्मा लावून म्हटले. आईचा सूर माझ्या गळ्यात नव्हता. हिने डोळे मिटून ऐकले आणि संपल्यावर म्हणाली, “अहो, फार भराभर म्हणता. सह्या केल्यासारखं.”

तेव्हापासून ती माझ्याबरोबर म्हणू लागली आणि तिच्या श्वासाच्या चालीने मला म्हणावे लागले. रक्त कमी असल्यामुळे तिला दम लवकर लागतो. एका श्वासात पूर्ण चरण होत नाही. ‘अनुदिनि अनुतापें’ एवढे म्हणून ती थांबते, श्वास घेते आणि मग ‘तापलों रामराया’ म्हणते. मला वाटे की हे आजारामुळे तुटते आहे. पुढे एका निवृत्त शिक्षकमित्राने सांगितले की हे मालिनी वृत्त आहे, चरणात पंधरा अक्षरे असतात आणि आठव्या अक्षरानंतर यतीच असतो. ती थांबत होती ती बरोबर थांबण्याच्याच जागी. चाळीस वर्षे मी तो यती ओलांडून पुढे पळत होतो.

प्रत्यारोपणाचाही प्रयत्न झाला. मला मधुमेह निघाल्यामुळे दाता म्हणून मी तपासणीतच बाद झालो. तिच्या माहेरचे एक जण तयार झाले होते, दोन तपासण्याही झाल्या, आणि नंतर त्यांनी फोन उचलणे बंद केले. पुण्याच्या विभागीय केंद्राच्या प्रतीक्षायादीत नाव नोंदवलेले आहे. त्या नातेवाइकांवरचा माझा राग सुमारे दोन वर्षे टिकला. ‘स्वजनजनधनाचा व्यर्थ म्यां स्वार्थ केला’ ही ओळ रोज संध्याकाळी माझ्याच तोंडून येत होती आणि ती नेमकी कोणाबद्दल आहे याचा निवाडा मी सोयीने करीत होतो. हिने मात्र त्यांना भाऊबीजेला स्वतः फोन केला. मूत्रपिंडाचा विषय निघाला नाही. त्यांच्या मुलीच्या परीक्षेबद्दल अर्धा तास बोलणे झाले. फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली की त्याला रात्री झोप लागत नाही म्हणे. त्या वाक्यात चेष्टा नव्हती, तिला खरेच वाईट वाटले होते. इतकी दया आपल्याला आपल्या बळावर जमणार नाही हे मला त्या वेळी समजले आणि त्या संध्याकाळी ती ओळ मी जरा खालच्या आवाजात म्हटली.

टाळेबंदीच्या दिवसांत पोलिसांना दाखवायचा कागद खिशात घेऊन आम्ही रिकाम्या रस्त्यांवरून जात-येत राहिलो. त्याबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. डायलिसिस चुकवता येत नाही, एवढे एकच कारण पुरेसे होते. त्या वर्षी आमच्या पाळीतल्या दोन खाटांवरची माणसे बदलली.

गडावर मी पुन्हा गेलो तो २०२२ च्या दासनवमीनंतर काही दिवसांनी, गर्दी ओसरल्यावर, एका सोमवारी, एकटाच आणि चपला घालून. नवस फेडायचा प्रश्न नव्हता, कारण आकडा चारच्या खाली आला नव्हता आणि येणारही नव्हता. समाधीचे दर्शन घेतले आणि संध्याकाळच्या उपासनेला बसलो. करुणाष्टके सुरू झाली. सगळे एका लयीत म्हणत होते आणि मी मागे पडत होतो, कारण आठव्या अक्षरापाशी माझा श्वास आपोआप थांबत होता, कोणाची तरी वाट पाहिल्यासारखा. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने माझ्याकडे एकदा पाहिले आणि पुढच्या श्लोकापासून तीही माझ्याबरोबर थांबू लागली. काही विचारले नाही. गव्हाच्या खिरीचा प्रसाद मी एका लहान डबीत घरी आणला; गूळ आणि दूध दोन्ही हिला वर्ज्य असल्यामुळे तिने चमच्याच्या टोकावर येईल तेवढीच घेतली, ती बराच वेळ जिभेवर ठेवली आणि वेलदोडा जास्त झाला आहे असे सांगितले.

गेल्या महिन्यात तिच्या डाव्या हाताचा फिस्टुला बंद पडला. सकाळी उठल्यावर त्यावर कान ठेवण्याची माझी सवय आहे; मांजर गुरगुरावे तशी आत घरघर लागते आणि ती लागली की दिवस सुरू करायचा. त्या दिवशी घरघर लागली नाही. आता उजव्या हाताला नवा फिस्टुला केला आहे, तो तयार व्हायला सहा ते आठ आठवडे लागतील आणि तोवर पुन्हा मानेत नळी आहे. नळी ओली होऊ नये म्हणून डोक्यावरून अंघोळ बंद आहे, त्याचाच तिला अधिक राग येतो. काल संध्याकाळी ‘दिवस गणित बोटीं प्राण ठेवोनि कंठीं’ ही ओळ आली तेव्हा तिने खरोखरच बोटांवर मोजले, कंठाजवळच्या पट्टीला हात लावून पाहिला आणि म्हणाली, “एकोणतीस राहिले.” मी म्हटले, तीस. आमचा थोडा वाद झाला. वही काढून पाहिली तर तिचेच बरोबर होते.

उद्या मंगळवार आहे. बाटलीत अजून साठ मिलिलिटर शिल्लक आहे आणि ते तिने झोपताना प्यायला ठेवले आहे.